आयात केलेली खेळयंत्रे आपल्या मनोरंजन केंद्राला साजेशी करताना

इंटरॅक्टिव्ह खेळयंत्र, मग ते नाण्यावर चालणारे आर्केड असो, जमिनीवर चित्र टाकणारी प्रोजेक्टर-प्रणाली असो की एअर हॉकीचे टेबल, मुळात दुसऱ्या कोणत्या तरी ठिकाणचा वीजपुरवठा, छताची उंची, चलन आणि भाषा गृहीत धरून घडवलेले असते. ही गृहीतके एकेक करून ओळखणे आणि त्यांतील कोणते कोठे बदलता येईल हे ठरवणे, हेच जुळवणीचे काम होय. ते करताना एक क्रम पाळावा: जे यंत्राच्या बाहेर बदलता येते ते बाहेरच बदलावे, जे सेटिंगमधून बदलते ते सेटिंगमधूनच बदलावे आणि आतल्या तारांना किंवा सांगाड्याला हात घालण्याची वेळ अगदी शेवटी यावी. यंत्रात फेरफार केला की हमी संपण्याची शक्यता असतेच, पण त्याहून मोठा तोटा असा की पुढे बिघाड झाल्यावर तो मूळचा आहे की फेरफारातून आलेला आहे, हे सांगणे कोणालाच शक्य राहत नाही.

मागणी नोंदवण्यापूर्वी

जुळवणीचा बराचसा भाग यंत्र येण्याआधीच उरकता येतो. उत्पादकाकडून मोजमापांचा आराखडा, विद्युत आकृती आणि सर्व्हिस पुस्तिका खरेदी पक्की करण्यापूर्वीच मागवावी; ती देण्यास जो टाळाटाळ करतो तो सुटे भागही वेळेवर देणार नाही, असे मानून चालावे. यंत्राच्या उभ्या आकाराबरोबरच खोक्यासह त्याचा आकार विचारावा, कारण दार, जिना आणि लिफ्ट यांतून प्रथम खोके जाते. जागेचा आराखडा काढताना यंत्राच्या चौकटीखेरीज खेळणाऱ्याच्या हालचालीची जागा, मागचे दार उघडण्याची जागा आणि चाकाची खुर्ची जाईल एवढी, म्हणजे किमान ९० सेंटिमीटरची वाट धरावी. मोशन सिम्युलेटरसारख्या जड यंत्राच्या बाबतीत स्थिर वजनाबरोबर हलताना पडणारा भारही स्थापत्य अभियंत्याला कळवावा लागतो.

दुसरी चौकशी सॉफ्टवेअरची असावी. जपानी बाजारासाठी बनवलेल्या अनेक नव्या आर्केड यंत्रांना चालू होण्यासाठी उत्पादकाच्या सर्व्हरशी जोडणी लागते आणि ती सेवा ठरावीक प्रदेशातच मिळते. असे यंत्र स्वस्तात मिळाले तरी आपल्याकडे ते केवळ एक सुंदर पेटी ठरते. बिनतारी भागांचीही हीच गत आहे. १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारी जवळून वाचायची कार्डे जगभर चालतात, पण लांबून वाचल्या जाणाऱ्या यूएचएफ (अतिउच्च फ्रिक्वेन्सीच्या) टॅगसाठी युरोपात आणि भारतात ८६५ ते ८६८, तर उत्तर अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. एका पट्ट्यासाठी बांधलेला रीडर दुसरीकडे वापरणे बेकायदेशीर ठरू शकते.

वीज

सर्वाधिक चुका येथे होतात आणि त्यांचे मूळ बहुधा एकाच समजुतीत असते: व्होल्टेज जुळले की काम झाले. जपानमध्ये पुरवठा १०० व्होल्टचा असून देशाच्या पूर्व भागात ५० आणि पश्चिम भागात ६० हर्ट्झ चालते. उत्तर अमेरिकेत १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ आहे. युरोप आणि आशियाच्या मोठ्या भागात २३० व्होल्टच्या आसपास आणि ५० हर्ट्झ आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. ज्या यंत्रात सर्व काही एसएमपीएस पद्धतीच्या, म्हणजे संगणकात असतो तशा इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लायवर चालते आणि त्याच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे छापलेले आहे, तेथे प्रश्नच उद्भवत नाही. प्लग बदलला की पुरे. मात्र ही पट्टी प्रत्येक पॉवर सप्लायवर स्वतंत्रपणे वाचावी, कारण संगणक सर्वत्र चालणारा आणि दिवे किंवा पंखे मात्र फक्त १०० व्होल्टचे, असा संमिश्र प्रकार नेहमी आढळतो.

थेट वीजपुरवठ्यावर चालणारी मोटर असेल तर हिशेब निराळा होतो. ६० हर्ट्झची इंडक्शन मोटर ५० हर्ट्झवर सुमारे पाच-षष्ठांश वेगाने फिरते. एअर हॉकीच्या ब्लोअरमध्ये हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने तो मूळच्या ६९ टक्क्यांवर येतो, आणि चकती तरंगण्याऐवजी घासत जाते. त्याच वेळी मूळचेच व्होल्टेज कमी फ्रिक्वेन्सीवर दिल्याने मोटरच्या गाभ्यातील चुंबकीय प्रवाह वाढतो व ती तापते. तीन फेजची मोटर असेल तर व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणारे उपकरण, बसवून वेग परत मिळवता येतो. एक फेजच्या, कपॅसिटर लावलेल्या मोटरला तो सहसा मानवत नाही. तेथे तेवढाच दाब आणि प्रवाह देणारा, आपल्या पुरवठ्यासाठी बनलेला ब्लोअर बसवणे हाच सरळ उपाय आहे, आणि माझ्या मते पहिल्याच दिवशी तोच करावा.

ट्रान्सफॉर्मर लागणारच असेल तर स्वस्त ऑटोट्रान्सफॉर्मरऐवजी दोन्ही गुंडाळ्या वेगळ्या असलेला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. ऑटोट्रान्सफॉर्मरची सामाईक गुंडाळी तुटली तर १०० व्होल्टच्या यंत्रात पूर्ण २३० व्होल्ट शिरू शकतात. ट्रान्सफॉर्मरची क्षमता यंत्राच्या कमाल भारापेक्षा पाव ते अर्ध्या पटीने अधिक ठेवावी, आणि अर्थिंगची तार ट्रान्सफॉर्मरपाशी न थांबता यंत्राच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत अखंड जाते ना, हे मीटर लावून तपासून घ्यावे. परवानाधारक वीजतंत्रज्ञाशिवाय हे काम करू नये. जुन्या पिक्चर ट्यूबच्या यंत्रात तर वीज बंद केल्यावरही ट्यूबमध्ये प्राणघातक विद्युतभार शिल्लक असू शकतो.

यंत्रे वाढली की आणखी एक त्रास सुरू होतो. प्रत्येक पॉवर सप्लायच्या गाळणीतून (फिल्टरमधून) अर्थिंगकडे थोडा विद्युतप्रवाह नेहमी झिरपत असतो. हा प्रवाह यंत्रामागे दोन-तीन मिलिअँपिअर धरला तरी आठ-दहा यंत्रे एकाच ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (अर्थिंगकडे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवर) जोडल्यास, कोणताही दोष नसताना तो पडू लागतो. तो काढून टाकणे हा उपाय नव्हे. सर्किट विभागून प्रत्येकाला स्वतंत्र आरसीसीबी द्यावा. उष्णतेचा हिशेबही याच वेळी करून टाकावा: यंत्रांनी घेतलेली जवळजवळ सगळी वीज अखेर खोलीत उष्णता होऊन राहते, त्यामुळे १० किलोवॉटच्या यंत्रांसाठी वातानुकूलनाची क्षमता सुमारे २.८ टनांनी वाढवावी लागते, आणि त्यात माणसांची उष्णता धरलेली नाही.

नाणे, कार्ड आणि तिकिटे

परदेशी नाणे ओळखणारी यंत्रणा बदलणे हे दिसायला मोठे, पण प्रत्यक्षात सोपे काम आहे. बहुतेक यंत्रांच्या दृष्टीने नाणे पडणे म्हणजे एका स्विचचे काही मिलिसेकंदांपुरते मिटणे होय. म्हणून टोकन घेणारा अॅक्सेप्टर असो वा कार्ड रीडर, त्याने तशीच एक पल्स, म्हणजे क्षणभराचा विद्युत संकेत, द्यायची असते. रीडरचा रिले किंवा ऑप्टोकपलर (प्रकाशाच्या साहाय्याने चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) नाण्याच्या स्विचला समांतर जोडावा, आणि त्यासाठी मूळ तार न कापता दोन्ही टोकांना मूळसारखेच कनेक्टर असलेली मधली जोडतार बनवून घ्यावी. ती काढली की यंत्र पूर्ववत व्हायला हवे. पल्सची लांबी सर्व्हिस पुस्तिकेत पाहावी. ती फार कमी असेल तर क्रेडिट गहाळ होते आणि फार जास्त असेल तर नाणे अडकले असे समजून यंत्र दोष दाखवते. खेळाची किंमत यंत्रात न ठरवता, यंत्राला एका पल्सला एक खेळ असे सांगून ठेवावे आणि दर कार्ड-प्रणालीत ठरवावेत, म्हणजे दर बदलताना प्रत्येक यंत्र उघडावे लागत नाही.

कागदी तिकिटांऐवजी कार्डावर गुण जमा करायचे असतील तर रीडरला तिकीट-डिस्पेन्सरची भूमिका वठवावी लागते: यंत्राने मोटर चालवण्याचा इशारा दिला की रीडरने प्रत्येक तिकिटाच्या खाचेसाठी एक पल्स परत पाठवायची. या पल्सचा वेग चुकला की गुण कमी-जास्त नोंदले जातात, म्हणून मोठे बक्षीस मुद्दाम लावून यंत्राने दाखवलेला आणि कार्डावर जमा झालेला आकडा पुनःपुन्हा ताडून पाहावा.

येथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. काही आर्केड यंत्रांत इनपुट-आउटपुट बोर्डासाठी जेव्हीएस नावाची मानक जोडणी असते. तिचा कनेक्टर हुबेहूब यूएसबीसारखा दिसतो, पण त्यातून जाणारे संकेत यूएसबीचे नसून आरएस-४८५ या वेगळ्याच पद्धतीचे असतात. तेथे पेनड्राइव्ह किंवा कीबोर्ड लावल्यास उपकरण निकामी होऊ शकते. अशा सॉकेटवर ठळक पट्टी चिकटवून ठेवावी.

प्रोजेक्टर आणि सेन्सर

भिंतीवर किंवा जमिनीवर चालणाऱ्या खेळांत यंत्र म्हणजे खोलीच असते, त्यामुळे जुळवणीचा खरा कस येथे लागतो. प्रथम थ्रो रेशो पाहावा: प्रोजेक्टरपासून पडद्यापर्यंतचे अंतर भागिले चित्राची रुंदी. भिंग जमिनीपासून २.८ मीटरवर असेल आणि रेशो १.४ असेल तर चित्र दोनच मीटर रुंद पडेल, ०.७ चा रेशो असेल तर ते चार मीटर होईल. उत्पादकाच्या चित्रफितीतील भव्य खेळ बहुधा याहून उंच छताखाली टिपलेला असतो. कमी उंचीत तोच परिणाम हवा असेल तर शॉर्ट थ्रो भिंगाचा प्रोजेक्टर लागतो. तो थेट खाली तोंड करून टांगण्यास उत्पादकाची अनुमती आहे का, हे विचारावे, कारण दिव्याच्या जुन्या प्रोजेक्टरांना अनेकदा ती नसते. लेझर प्रोजेक्टर सामान्यतः कोणत्याही कोनात चालतात. चित्र तिरके पडत असेल तर कीस्टोनच्या (तिरके चित्र सॉफ्टवेअरने चौकोनी करण्याच्या सोयीच्या) आकड्यांशी खेळण्याऐवजी प्रोजेक्टरच सरळ टांगावा. कीस्टोन वापरला की पिक्सेल वाया जातात.

प्रकाशाचा हिशेब कागदावर करता येतो. ४००० ल्युमेनचा प्रोजेक्टर सुमारे ५.७ चौरस मीटरवर पसरला तर ७०० लक्स (दर चौरस मीटरला इतके ल्युमेन) मिळतात. खोलीतील दिव्यांचे ३०० लक्स त्याच जमिनीवर पडत असतील तर पांढरा भाग १००० आणि काळा ३०० होईल, म्हणजे जेमतेम सव्वातीन पट फरक. दिवे ५० लक्सवर आणले तर हाच फरक १५ पट होतो. तेव्हा अधिक महागडा प्रोजेक्टर घेण्याआधी त्या भागावरचे दिवे वळवावेत किंवा मंद करावेत. वाट दिसण्यापुरता उजेड आणि आपत्कालीन दिवे मात्र कायम राहिले पाहिजेत.

खेळाडूची हालचाल टिपणारे सेन्सर बहुधा इन्फ्रारेड प्रकाशावर चालतात. ऊन आणि हॅलोजन दिवे यांत इन्फ्रारेड भरपूर असल्याने खिडकीजवळचा खेळ सकाळी नीट चालतो आणि दुपारी भरकटतो. आरसे, स्टीलचे खांब आणि चकचकीत फरशी यांमुळेही खोट्या हालचाली नोंदल्या जातात. त्यांवर मॅट पृष्ठभाग चढवावा. कॅमेरा फॉल्स सिलिंगच्या पट्टीला न लावता पक्क्या छताला बांधावा, अन्यथा वातानुकूलनाच्या कंपनाने कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेरा आणि चित्र यांचा बसवलेला मेळ, सरकत राहते. साध्या यूएसबी २.० तारेची मर्यादा पाच मीटर आहे, म्हणून संगणक दूर ठेवायचा असल्यास अॅक्टिव्ह एक्स्टेंशनची सोय आधीच करावी. कॅलिब्रेशन सगळे दिवे, पंखे आणि शेजारची यंत्रे चालू असतानाच करावे.

मजकूर, आवाज आणि खेळणारी माणसे

सर्व्हिस मेनू उघडण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक पानाचे आणि बोर्डावरील डिप स्विचांच्या (सेटिंग ठरवणाऱ्या इवल्या स्विचांच्या) स्थितीचे छायाचित्र घ्यावे, आणि डिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवावी. काठिण्य, वेळ, बक्षिसाचे प्रमाण, आवाज हे सारे तेथेच बदलते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. डिप स्विचचा परिणाम बहुधा यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावरच दिसतो.

पडद्यावरील भाषा बदलताना उत्पादकाकडून मजकुराची फाइल मिळाली तरी घाई करू नये. देवनागरी किंवा अरबीसारख्या लिप्यांत अक्षरे जोडून मांडावी लागतात आणि अनेक गेम इंजिनांच्या साध्या मजकूर-व्यवस्थेला ते जमत नाही: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी न येता नंतर पडते, जोडाक्षरे पाय मोडून विखुरतात. अशा वेळी थोडक्या सूचनांची चित्रे करून ती मूळ चित्रांच्या जागी घालणे अधिक खात्रीचे. खेळाचे नियम मात्र मजकुराऐवजी चिन्हांनी सांगितलेले बरे. रांगेत उभे राहून परिच्छेद वाचणारा खेळाडू मी तरी पाहिलेला नाही.

यंत्र लहान मुलांसाठी उंच पडत असेल तर यंत्राचे पाय कापू नयेत, समोर न घसरणारा, कडा गोल केलेला चौथरा ठेवावा. उलट यंत्रच उंच करायचे असेल तर त्याचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि ते जमिनीला किंवा भिंतीला बोल्टने बांधणे अनिवार्य होते. विद्युत उपकरणांच्या आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकात स्थैर्याची चाचणी दहा अंशांच्या उतारावर घेतात. मनोरंजन यंत्रांसाठी त्याच मालिकेतील ६०३३५-२-८२ हा स्वतंत्र भाग आहे आणि तपासनीसाशी बोलताना तो संदर्भ उपयोगी पडतो. आवाजाबाबत एवढेच की पातळी सर्व यंत्रे एकत्र चालू ठेवून ठरवावी आणि खोल आवाजाचे सबवूफर रबराच्या पायांवर ठेवावेत.

बसवलेले यंत्र पहिले दोन आठवडे तात्पुरते समजावे. खेळ सरासरी किती वेळ चालतो, मुले कोणते बटण मुठीने ठोकतात, कोणत्या फटीत टोकन अडकते, याची रोजची नोंद यंत्राच्या हिशेबाशी जुळवून पाहावी आणि मगच सेटिंग कायम करावीत. ठरलेले आकडे, जोडतारांची आकृती, बदललेल्या भागांचे क्रमांक आणि स्क्रू मेट्रिक आहेत की इंचाच्या मापाचे, हे एका कागदावर लिहून तो प्लास्टिकच्या पिशवीत यंत्राच्या मागच्या दाराला आतून चिकटवावा आणि त्याची प्रत कार्यालयात ठेवावी. काढलेले मूळ भागही खुणेची चिठ्ठी लावून जपून ठेवावेत, कारण यंत्र पुढे विकताना किंवा उत्पादकाकडे परत पाठवताना तेच प्रथम मागितले जातात.