'स्ट्रे फेदर्स'मधून नागपूरकडच्या पक्ष्यांच्या नोंदी कशा काढाव्यात

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७२ मध्ये कलकत्त्याहून 'स्ट्रे फेदर्स' सुरू केलं. नागपूर परिसराची जुनी पक्षीयादी करायची तर हे नियतकालिक चाळावंच लागतं. अकरा खंड १८८८ पर्यंतचे. बारावा म्हणजे चार्ल्स चब यांनी केलेली सूची, १८९९ ची. 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी' या संकेतस्थळावर ते फुकट वाचता येतात.

शोधताना आजचं स्पेलिंग पुरत नाही. नागपूरच्या शेवटी पी-यू-आरऐवजी पी-ओ-आर-ई टाकून पाहा. चंद्रपूर 'चांदा' म्हणून, अचलपूर 'एलिचपूर' म्हणून सापडेल. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द संगणकाला दिसत नाही, म्हणून महत्त्वाचा लेख पान-पान वाचा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'छोटा नागपूर'मुळे. व्हॅलेंटाइन बॉल यांची १८७४ ची लांबलचक यादी शोधात हमखास वर येते, पण तो मुलूख आजच्या झारखंडकडचा. त्यातला एकही पक्षी आपल्या यादीत घेऊ नका.

पक्ष्याच्या नावाआधीचा आकडा हा जर्डन यांच्या 'बर्ड्स ऑफ इंडिया'तला क्रमांक असतो. १२३ म्हणजे आपला नीलपंख. मागाहून भर पडलेल्या जातींच्या क्रमांकापुढे 'बिस', 'टर' लागतं. शास्त्रीय नावं पुढे बदलत गेली, म्हणून आधी क्रमांक जुळवा, मग नाव.

'मध्य प्रांत' दिसलं की लगेच विदर्भ धरू नका. राजधानी नागपूर असली तरी हद्द पार रायपूर-संबळपूरपर्यंत होती, आणि वऱ्हाड १९०३ पर्यंत वेगळा होता. रानपिंगळ्याचंच घ्या: ह्यूम यांनी १८७३ मध्ये, खंड १, पान ४६७ वर त्याचं पहिलं वर्णन केलं आणि नमुना मिळवणाऱ्या ब्लेविट यांचं नाव त्याला दिलं. पण तो नमुना आजच्या छत्तीसगडातल्या बसना भागातला. १९९७ मध्ये हा पक्षी पुन्हा सापडला तो आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळ.

नोंद उतरवताना खंड, पान, वर्ष, गावाचं मूळ स्पेलिंग आणि आजचं नाव यांना वेगवेगळे रकाने द्या. लेखकाने पक्षी स्वतः मिळवला की दुसऱ्याकडून ऐकला, हेही लिहा. ऐकीव नोंद मुख्य यादीत नको. ओळखीबद्दलच शंका असेल तर मूळ नमुन्याची चौकशी करावी लागते. ह्यूम यांनी १८८५ मध्ये आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. तिथले पक्षी आता इंग्लंडात ट्रिंगला ठेवलेले आहेत.