नवरा कॅनडात, बायको पुण्यात: स्पॉन्सरशिपची फाइल कशी करावी

लग्न लागतं, सत्यनारायण होतो आणि आठ-दहा दिवसांत नवरा परत टोरांटोच्या विमानात बसतो. रजा संपलेली असते. मागे राहिलेल्या मुलीला मग भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "काय गं, तू कधी जाणार?" त्याचं उत्तर एका फाइलीत असतं: नवऱ्याने बायकोला कॅनडात कायमचं राहायला बोलावण्याच्या, म्हणजे स्पॉन्सरशिपच्या अर्जात. मी स्वतः त्याच वाटेने कॅनडात आले आणि नंतर ओळखीतल्या पाच-सहा जोडप्यांच्या फाइली त्यांच्याबरोबर बसून चाळल्या. मी वकील नाही. पण एवढं नक्की कळलंय की ज्या अधिकाऱ्यापुढे ही फाइल जाते, त्याने कांदेपोह्यांचा कार्यक्रम कधी पाहिला असेलच असं नाही. आपल्याला जे सांगायचीही गरज वाटत नाही, तेच त्याला कागदावर सांगावं लागतं.

नवरा तिकडे, बायको इकडे हे उदाहरण धरते. उलट असेल तरी नियम तेच.

पहिलं काम: तो स्पॉन्सर करू शकतो का ते बघा

स्पॉन्सर किमान १८ वर्षांचा आणि कॅनडाचा नागरिक किंवा पीआर (कायमस्वरूपी रहिवासी) असावा लागतो. वर्क परमिटवर किंवा स्टडी परमिटवर असलेल्याला हा रस्ता नाही. पीआर असेल तर त्याने कॅनडात राहतच अर्ज केला पाहिजे. "सहा महिने पुण्यात वर्क फ्रॉम होम करतो आणि इथूनच अर्ज टाकतो" हे पीआरवाल्याला चालत नाही. नागरिकाला बाहेरून अर्ज करता येतो, पण बायको पीआर झाल्यावर आपण कॅनडात परतणार हे दाखवावं लागतं.

पगाराची बहुतेकांना उगाच धास्ती असते. आईवडिलांना बोलवायचं तर उत्पन्नाची किमान अट आहे, जोडीदारासाठी सहसा नाही. मात्र अपंगत्व सोडून इतर कारणासाठी सरकारी मदतीवर जगत असेल किंवा दिवाळखोरीतून सुटका झालेली नसेल, तर तो अपात्र. तो स्वतःच आधीच्या बायकोच्या स्पॉन्सरशिपवर आलेला असेल, तर पीआर झाल्यापासून पाच वर्षं नव्या जोडीदाराला स्पॉन्सर करता येत नाही. सोयरीक जमवतानाच विचारून घ्यावं असं हे आहे, पण पत्रिका बघणारे हे विचारत नाहीत.

तो एका हमीपत्रावर सही करतो. बायको पीआर झाल्यापासून तीन वर्षं तिच्या मूलभूत गरजांची जबाबदारी त्याची. मध्येच घटस्फोट झाला तरी हमी सुटत नाही, आणि तिने त्या काळात सरकारी मदत घेतली तर ते पैसे त्याच्याकडून वसूल होतात. क्विबेकमध्ये राहत असेल तर त्या प्रांताची हमी वेगळी आणि वेळही जास्त.

थांबा, लग्न नेमकं कधी झालं?

इथे जरा रेंगाळते, कारण या एका गोष्टीने चांगली चांगली प्रकरणं बुडतात.

मुलगा एक्स्प्रेस एंट्रीतून (शिक्षण-नोकरीच्या जोरावर पीआर मिळवायच्या पद्धतीतून) स्वतःच्या पीआरसाठी अर्ज करतो, 'अविवाहित' म्हणून. अर्ज चालू असताना दिवाळीला घरी येतो, लग्न उरकतं. परत जातो, काही दिवसांत पीआर मिळते. लग्नाचं कळवायचं राहतं, किंवा कोणीतरी सल्ला देतो, "आत्ता सांगू नकोस, उगाच लांबेल." झालं. पीआर होताना ज्या बायकोची नोंद केली नाही आणि जिची तपासणी झाली नाही, तिला पुढे फॅमिली क्लासमधून, म्हणजे कुटुंबीय म्हणून स्पॉन्सर करून, आणता येत नाही, असा तिथल्या नियमावलीच्या कलम ११७ मध्ये नियम आहे. प्रकरण मग वकिलाच्या दारात जातं. म्हणून नवऱ्याची पीआर अजून पूर्ण झालेली नसेल, तर लग्न झाल्याबरोबर कळवा. लांबलं तर लांबू दे.

दुसरी भानगड दोन तारखांची. कागदांची घाई म्हणून आधी कोर्ट मॅरेज, मग मे महिन्यात मुहूर्तावर मांडवातलं लग्न, असं बऱ्याच घरांत होतं. त्यात गैर काही नाही. पण फॉर्मवर लग्नाची तारीख कोर्ट मॅरेजची टाका आणि मांडवातल्या लग्नाचा खुलासा वेगळा लिहा. नाहीतर प्रमाणपत्रावर फेब्रुवारी, पत्रिकेवर मे आणि तिसऱ्याच ठिकाणी जून असा प्रकार होतो. व्हिडिओ कॉलवर लावलेलं लग्न साधारणपणे ग्राह्य धरत नाहीत, दोघं प्रत्यक्ष हजर असावे लागतात.

लग्नाचं प्रमाणपत्र आणि नावांचा घोळ

महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी १९९८ च्या कायद्याखाली महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत होते. तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही, पत्रिका, फोटो, वयाचे पुरावे. नवऱ्याची रजा संपायच्या आत, शक्यतो लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात हे उरका. तो गेल्यावर त्याच्या सहीसाठी अडकलेल्या नोंदण्या मी पाहिल्या आहेत. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे आधी सह्या करायची रीत असल्याने तिथल्या जोडप्यांचा हा त्रास वाचतो.

आता नाव. आपल्याकडे लग्नाआधी मुलीच्या नावात वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, लग्नानंतर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. म्हणजे एका सहीसरशी तीनातले दोन शब्द बदलतात, कधी पहिलंही. पदवीवर एक नाव, पासपोर्टवर तेच, आधारवर नवं, बँकेत दोन्ही. मराठी माणसाला यात काही खटकत नाही, तिकडच्या टेबलावर मात्र या दोन वेगळ्या बाया वाटू शकतात. माझा सल्ला सरळ आहे: अर्ज संपेपर्यंत पासपोर्टवरचं नाव बदलू नका. जे पासपोर्टवर, तेच प्रत्येक फॉर्मवर, स्पेलिंगसकट. बाकीची सगळी नावं 'इतर नावे' या रकान्यात लिहा आणि नावं का वेगळी दिसतात हे अर्ध्या पानाच्या पत्रात सांगा. नाव आधीच बदललं असेल तर तेही चालतं, खुलासा मात्र हवा.

फॉर्म भरताना

अर्ज ऑनलाइन पीआर पोर्टलवर जातो. २३ सप्टेंबर २०२२ पासून हीच पद्धत. आयएमएम ०००८ हा मुख्य फॉर्म, ५६६९ पार्श्वभूमीचा आणि ५४०६ कुटुंबाचा. १३४४ ही स्पॉन्सरची बाजू आणि हमी, तर ५५३२ तुमच्या नात्याची कहाणी. शेवटचे दोन पीडीएफ आहेत. ते ब्राउझरमध्ये उघडले तर 'प्लीज वेट' एवढंच दिसतं. संगणक बिघडलेला नसतो. फाइल उतरवून अडोबी रीडरमध्ये उघडा.

५६६९ मध्ये मागच्या दहा वर्षांचा हिशोब द्यावा लागतो, महिन्यामहिन्याचा, मध्ये खाडा नको. आपल्या मुली इथे अडतात. बीएस्सी झाल्यावर दोन वर्षं एमपीएससीचा अभ्यास केला, घरीच होते, मग ते काय लिहायचं? तेच लिहायचं. 'नोकरी नव्हती, स्पर्धा परीक्षेची तयारी, सांगली' ही नोंद पूर्ण चालते. रिकामा महिना चालत नाही.

५४०६ मध्ये आईवडील, भावंडं, सगळ्यांच्या जन्मतारखा लागतात, वारलेल्यांच्यासुद्धा. गावाकडच्या शाळेत गुरुजींनी टाकलेली १ जून ही तारीख कितीतरी घरांत दोघातिघांची असते. घाबरू नका. कागदावर जी आहे तीच लिहा, मनाने 'खरी' तारीख घालायला जाऊ नका.

नात्याचा पुरावा

५५३२ मध्ये विचारतात: ओळख कोणी करून दिली, प्रत्यक्ष पहिली भेट कधी आणि कुठे, कोणते समारंभ झाले, घरचे कोण हजर होते. ठरवून केलेल्या लग्नाला त्यांची हरकत नाही. त्यांना बघायचं असतं ते एवढंच, की लग्न खरं आहे आणि ते मुख्यतः इमिग्रेशनसाठी केलेलं नाही. या दोन्ही कसोट्या उतराव्या लागतात.

आमचीच गंमत सांगते. 'पहिली भेट' या प्रश्नाला नवऱ्याने कांदेपोह्यांची तारीख लिहिली होती आणि मी त्याच्या तीन आठवडे आधीच्या व्हिडिओ कॉलची. दोघंही खरं बोलत होतो. अपलोड करायच्या आदल्या रात्री लक्षात आलं आणि पोटात गोळा आला. म्हणून आधी दोघांनी एकाच कागदावर तारखा मांडा: स्थळ कोणाकडून आलं, फोन, कॉल, बघण्याचा कार्यक्रम, बैठक, साखरपुडा, लग्न, नंतरच्या भेटी. मग त्या कागदावरूनच सगळे फॉर्म भरा.

फोटो जास्तीत जास्त वीस. स्टेजवर आशीर्वाद देणाऱ्यांची रांग वीस वेळा पाठवून उपयोग नाही. एक साखरपुड्याचा, मावशीकडच्या केळवणाचा एक, हळदीचा, मंगळाष्टकांचा, दोन्हीकडचे आईवडील एकत्र असलेला, लग्नानंतर फिरायला गेलेला. प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि कोण कोण ते. 'केळवण म्हणजे लग्नाआधी नातेवाइकांनी वर-वधूला दिलेलं जेवण' हे एक वाक्य पुरतं.

चॅटची दहाच पानं घेतात, म्हणून एकाच आठवड्याची दहा पानं नकोत. दर महिन्या-दोन महिन्यांतलं एखादं पान घ्या. मराठी चॅटचं भाषांतर लागतं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असलं तरी. आमच्या पानांवर 'जेवलास का' इतक्या वेळा आलं होतं की भाषांतरकाराने हसूनच पैसे घेतले. भाषांतर घरच्या माणसाने केलेलं चालत नाही. पत्रिका किंवा जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर त्यालाही हाच नियम. याशिवाय विमानाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, पैसे पाठवल्याच्या नोंदी, विम्यात किंवा पीएफमध्ये नॉमिनी म्हणून जोडीदाराचं नाव.

दोघांपैकी कोणाचं आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा जोडा आणि ते उघड लिहा. लपवाछपवी सापडली तर पाच वर्षं दार बंद होतं.

पोलिस दाखला, फी आणि सबमिट

भारतातला पोलिस दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून घ्या, फी ५०० रुपये. पडताळणी सध्याच्या पत्त्यावर होते, त्यामुळे माहेरी की सासरी ते आधी ठरवा. गेल्या दहा वर्षांत इतर कुठल्या देशात सलग सहा महिने राहिला असाल तर तिथलाही दाखला लागतो.

३० एप्रिल २०२४ पासूनच्या दराने स्पॉन्सरशिपचे ८५, प्रक्रियेचे ५४५ आणि पीआरच्या हक्काचे ५७५, असे १,२०५ कॅनेडियन डॉलर होत होते. बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५ वेगळे. हे दर दोन वर्षांनी वाढतात, तेव्हा भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचा आकडा बघूनच भरा. हक्काची फी नंतर भरली तरी चालते, पण एकदम भरून टाकलेली बरी. अर्ज नाकारला तर तेवढी परत मिळते.

एजंट लागतोच असं नाही. घ्यायचा असेल तर परवानाधारक कन्सल्टंट किंवा वकील आहे ना, हे नोंदवहीत तपासा. 'हमखास पीआर' म्हणणाऱ्याकडून चहा पिऊन उठा.

वाट बघताना

आधी पोचपावती, मग बायोमेट्रिक्सचं पत्र. ते पुण्यात किंवा मुंबईत देता येतात, मुदत तीस दिवस. मेडिकल सूचना आल्यावरच करा, तेही त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच. जोडीदाराचा अर्ज 'आजारपणाचा खर्च जास्त' या कारणाने नाकारत नाहीत, तेव्हा मधुमेह असला तरी झोप उडवून घेऊ नका.

मधल्या काळात व्हिजिटर व्हिसावर जाता येतं. पीआरचा अर्ज चालू आहे हे लपवू नका, दोन्ही हेतू एकाच वेळी असायला कायद्याची आडकाठी नाही. तिथे पोहोचून नवऱ्याबरोबर राहत असाल आणि पोचपावती हातात असेल तर ओपन वर्क परमिट (कुठल्याही मालकाकडे काम करायची परवानगी) मागता येतं. काही जण कॅनडात राहूनच करायचा 'इनलँड' अर्ज निवडतात. त्यात एक मेख आहे: नकार आला तर बाहेरून केलेल्या अर्जाला अपिलाचा हक्क असतो, इनलँडला नसतो. म्हणून मी तरी बाहेरूनचाच अर्ज सुचवते.

मध्ये शंका विचारणारं पत्र आलं तर ते नकारपत्र नसतं. दिलेल्या मुदतीत, मुद्द्याला धरून, नव्या पुराव्यासह उत्तर द्या.

पासपोर्ट मागवला की

पासपोर्टवर व्हिसा लागून येतो, सोबत पीआरचं पुष्टिपत्र. त्यावरच्या मुदतीच्या आत कॅनडात उतरायचंच. विमानतळावर इमिग्रेशननंतर कस्टम्सवाले सामानाची यादी मागतात: बरोबर आणलेलं आणि मागून येणारं, अशा दोन याद्या. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, आईने दिलेली ठुशी, सगळं वजनासह आणि फोटोसह लिहून न्या. रोख दहा हजार डॉलर किंवा जास्त असेल तर तेही सांगा. मी ठुशी लिहायची विसरले होते. काउंटरवरच्या बाईंनी पेन पुढे केलं, मी गळ्याकडे बोट दाखवत यादीच्या तळाशी एक ओळ वाढवली आणि त्यांनी शिक्का मारला.