विजापूर एका दिवसात: बाप, लेक आणि नातवाचे मकबरे

शेजारपाजारच्या बायकांना आणि त्यांच्या पोरांना घेऊन मी निपाणीहून विजापूरला जाते. क्रूझर ठरवायची आणि पहाटे अंधारातच निघायचं. चिकोडी, कृष्णेचा पूल, अथणी, मग सरळ विजापूर. शुक्रवार टाळा, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.

आधी गोलघुमट. शाळांच्या सहली यायच्या आत वर पोचायचं, कारण एकदा पोरांचा टाळ्या-शिट्ट्यांचा गलका सुरू झाला की खालच्या आवाजातलं काही ऐकू येत नाही. कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्यातून जिना आहे. अरुंद आणि चढाचा. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं, खालीही बघण्यासारखं भरपूर आहे. वर सज्जात दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. एकाने तोंड भिंतीशी नेऊन हळू बोलायचं, दुसऱ्याने पलीकडे भिंतीला कान लावायचा. मधे सुमारे ३८ मीटरची पोकळी, तरी शब्द स्वच्छ पोचतो.

गाइड घेणार असाल तर पैसे, वेळ आणि भाषा फाटकाशीच ठरवा. मराठी बोलणारा मिळेलच असं नाही, पण दखनी हिंदी आपल्याला कळते. तो प्रतिध्वनीतच रमला तर त्याला कमानींबद्दल विचारा. एवढा घुमट आत एकही खांब नसताना उभा आहे, तो एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींच्या जोरावर. चौथऱ्यावर मुहम्मद आदिलशहा, त्याच्या बेगमा आणि दरबारातली नर्तकी रंभा यांच्या कबरी दिसतात. त्या वरच्या खुणेच्या. खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. शहाजीराजे १६३६ नंतर ज्याच्या चाकरीत होते, तो हाच सुलतान. हे पोरांना तिथेच, कबरीसमोर सांगावं. पुस्तकातलं नाव मग विसरत नाहीत.

संग्रहालय समोरच्या नगारखान्यात आहे. खाली वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड), मूर्ती, शिलालेख. वर हस्तलिखितं, शस्त्रं, गालिचे, चिनी मातीची भांडी. आपल्या शिवारातले वीरगळ आपण न बघताच ओलांडतो. इथे एकासमोर थांबून खालच्या टप्प्यापासून वर वाचत जा: लढाई, अप्सरा, वर महादेवाची पिंड.

जेवण खानावळीत. जोंधळ्याची भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी, दही.

दुपारी बारा कमान. मुहम्मदाचा मुलगा दुसरा अली इथे पुरलाय. त्याच्याच राज्यात १६५९ साली अफझलखान स्वराज्यावर चालून आला. मकबरा अपुरा राहिला, नुसत्या कमानी उभ्या आहेत.

शेवटी पश्चिमेला इब्राहिम रोजा. मुहम्मदाचा बाप, दुसरा इब्राहिम, इथे आहे. मला स्वतःला हाच मकबरा सगळ्यांत जास्त आवडतो. लेकाने आकाराने दिपवलं, पण बापाच्या कारागिरांनी दगडात अक्षरं कोरून त्यांचीच जाळी केली. उन्हं कलती झाली की बाहेरून खिडक्यांवरची ही अक्षरं उठून दिसतात, म्हणून हे शेवटी. शिल्पी मलिक संदल. त्याचं नाव इथल्या लेखात आहे, ते गाइडला दाखवायला सांगा. आत गेल्यावर वर बघा: खोलीचं छत सपाट दगडी आहे आणि मधे आधार नाही.

पायमोजे जवळ ठेवा, फरशी तापते. मुक्काम करणार नसाल तर उजेडातच अथणीचा रस्ता धरा. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय चालतात, तेव्हा ड्रायव्हरला घाई करू नका.