सगळेच विल्सन: एका आडनावाच्या व्हिक्टोरियन माणसांची टिपणं लिहिताना या चुका टाळा

मुंबईकराला 'विल्सन' म्हटलं की चौपाटीसमोरचं कॉलेज आठवतं. अकोले तालुक्यात विचारलं तर भंडारदऱ्याचं धरण. आयकराचा इतिहास वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तिसराच विल्सन उभा राहतो आणि संस्कृतच्या अभ्यासकाच्या डोळ्यांपुढे चौथा. ही चारही माणसं वेगळी आहेत.

राणी व्हिक्टोरियाच्या काळातले (१८३७ ते १९०१) इंग्रज आणि स्कॉटिश लोक मराठी लेखनात बहुतेकदा नुसत्या आडनावानेच भेटतात: 'विल्सनसाहेब', 'डॉ. विल्सन'. अशा समान आडनावांच्या लोकांची छोटी चरित्रं लिहायला घेतली की एकाचं काम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं. मला ही किरकोळ बाब वाटत नाही. चार ओळींच्या टिपणात माणसाचं अख्खं आयुष्य बसवायचं असतं. त्यातली एक ओळ दुसऱ्याची निघाली तर पाव आयुष्यच खोटं ठरतं.

चूक: विषय एक, म्हणून माणूसही एक

गिरनारच्या अशोकलेखांचं उदाहरण घ्या, कारण इथे भलेभले फसतात. १८३० च्या दशकात मुंबईहून गिरनारच्या लेखाची नक्कल कलकत्त्याला ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपकडे गेली आणि लेखाचं वाचन करताना ती त्याच्या उपयोगी पडली. ही नक्कल मिळवणारे होते मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन. आता गंमत बघा. हाच प्रिन्सेप कलकत्त्याच्या टांकसाळीत ज्यांच्या हाताखाली कामाला लागला आणि एशियाटिक सोसायटीत ज्यांच्यानंतर सचिव झाला, तेही विल्सनच: संस्कृत पंडित होरेस हेमन विल्सन. म्हणजे प्रिन्सेपच्या चरित्रात दोन विल्सन आहेत. पुढे १८५० च्या सुमारास याच गिरनारच्या लेखांवर होरेस विल्सन यांनी निबंध लिहिला आणि लेखांतला 'पियदसी' नावाचा राजा म्हणजेच अशोक याबद्दल शंका घेतली.

खडक एक, विल्सन दोन. एकाने नक्कल पाठवून वाचनाला मदत केली, दुसऱ्याने वाचनातून निघालेल्या निष्कर्षावर शंका घेतली. हे दोघे एका टिपणात मिसळले तर स्वतःच्याच कामावर संशय घेणारा एक विचित्र विद्वान तयार होतो.

उपाय साधा आहे. 'विल्सन यांनी लिहिलं' असं वाक्य कुठे सापडलं की लगेच विचारायचं: त्या वर्षी हा माणूस कोणत्या गावात राहत होता? १८३५ मध्ये होरेस विल्सन इंग्लंडला परतले होते. ऑक्सफर्डच्या संस्कृत अध्यासनावर त्यांची निवड १८३२ सालीच झाली होती. जॉन विल्सन तेव्हा मुंबईत होते. गाव कळलं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

चूक: मृत्यूचं साल जुळलं की निश्चिंत होणं

होरेस विल्सन मे १८६० मध्ये लंडनला वारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्याला आमांशाने जेम्स विल्सन गेले. हे 'द इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाचे संस्थापक (१८४३). १८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरी रिकामी झाली होती, म्हणून त्यांना हिंदुस्थानचा अर्थकारभार बघायला पाठवलं. १८५९ च्या अखेरीस ते आले, पुढच्या वर्षी अर्थसंकल्प मांडला, आयकर आणला, सरकारी कागदी चलनाची योजना आखली आणि वर्षही न भरता संपले.

दोघांचा कलकत्त्याशी संबंध, दोघांच्या कामात नाणं आणि चलन (होरेस टांकसाळीत धातूंची कसोटी करत), दोघांचं मृत्युवर्ष १८६०. त्यामुळे इथे साल उपयोगाचं नाही. महिना आणि गाव लागतंच. माझी पद्धत अशी: टिपण सुरू करण्याआधी प्रत्येकाच्या नावासमोर पूर्ण नाव, जन्मगाव, मृत्यूचं गाव आणि पोटापाण्याचा धंदा लिहून काढते. कर्तृत्व शेवटी. कर्तृत्वापासून सुरुवात केली की माणूस आपल्या मनाजोगता घडवला जातो.

चूक: 'डॉक्टर' म्हणजे वैद्य

जॉन विल्सन यांची डॉक्टर ही पदवी धर्मशास्त्राची. होरेस मात्र खरोखरच वैद्यक शिकून १८०८ मध्ये कंपनीच्या नोकरीत शल्यचिकित्सक म्हणून आले होते. लंडनला त्वचारोगांवर काम करणारे इरॅस्मस विल्सन हे आणखी वेगळे. इजिप्तमधला 'क्लिओपात्राची सुई' म्हणून ओळखला जाणारा स्तंभ लंडनला आणण्याचा खर्च त्यांनी उचलला. यांचं पूर्ण नाव विल्यम जेम्स इरॅस्मस विल्सन, त्यामुळे कुठे ते 'विल्यम'खाली सापडतात, कुठे 'इरॅस्मस'खाली.

चूक: स्मारकाच्या नावावरून अंदाज बांधणं

ही माझी स्वतःची चूक. मुंबई विद्यापीठात रा. गो. भांडारकरांनी १८७७ मध्ये 'विल्सन फिलॉलॉजिकल' व्याख्यानं दिली. विषय संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषा. मी बेधडक लिहून टाकलं की व्याख्यानमाला संस्कृतकोशकार होरेस विल्सन यांच्या नावाची. ती आहे मुंबईच्या जॉन विल्सन यांच्या नावाची. ते या विद्यापीठाचे कुलगुरूही होते. विषय संस्कृतचा असला म्हणून नाव संस्कृत पंडिताचं असेल असं नाही. हे कळल्यावर मला खरोखर वाईट वाटलं, कारण माझं टिपण तोवर पुढे कुणीतरी उतरवून घेतलं होतं.

भंडारदऱ्याच्या धरणाला नाव आहे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं. जन्म १८७६ चा, म्हणजे राणीच्या काळातला, पण त्यांचं सार्वजनिक आयुष्य विसाव्या शतकातलं. अशा माणसाला व्हिक्टोरियन यादीत घेऊ नये. जेरुसलेममधली 'विल्सनची कमान' चार्ल्स विल्सन या लष्करी मोजणी अधिकाऱ्याच्या नावाची. जॉन विल्सन यांनीही बायबलमधल्या प्रदेशांवर ग्रंथ लिहिला, म्हणून ती त्यांना चिकटवली जाऊ शकते.

चूक: नंतरचं नाव आधीच्या काळात नेणं

'जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये चौपाटीवर विल्सन कॉलेज काढलं' या एका वाक्यात दोन चुका आहेत. १८३२ मध्ये निघाली ती इंग्रजी शाळा. तिला विल्सन यांचं नाव खूप पुढे मिळालं, आणि चौपाटीची इमारत १८८९ ची. विल्सन १८७५ मध्येच मुंबईत वारले होते.

शिवाय त्याच आडनावाखाली एक बाई झाकली जाते. मार्गारेट विल्सन, जॉन यांची पहिली पत्नी, १८२९ मध्ये नवऱ्याबरोबर मुंबईला आली, मराठी शिकली आणि तिने मुलींच्या शाळा चालवल्या. १८३५ मध्ये ती इथेच गेली. 'विल्सन यांनी मुलींच्या शाळा काढल्या' असं कुठे दिसलं तर कोणते विल्सन, हे विचाराच.

चूक: फक्त गौरव किंवा फक्त राग

जॉन विल्सन यांच्याबद्दल लिहिताना हे फार घडतं. कॉलेजचा माजी विद्यार्थी लिहितो तेव्हा ते शिक्षणमहर्षी असतात. दुसरा लिहितो तेव्हा केवळ धर्मांतर करणारा पाद्री. मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्ये हिंदू धर्माची बाजू मांडत त्यांच्याशी जाहीर वाद घातला. १८३९ मध्ये पारशी मुलांच्या बाप्तिस्म्यावरून मुंबईत मोठा क्षोभ उसळला. त्याच माणसाने पारशी धर्मग्रंथांचा आणि लेण्यांचा अभ्यास केला. दोन्ही ओळी टिपणात हव्यात. जागा कमी असेल तर विशेषणं काढा.

चूक: बाप आणि मुलगा

जॉन यांचा मुलगा अँड्र्यू विल्सन पत्रकार होता. त्याने चीनमध्ये आणि मुंबईत काम केलं आणि हिमालयातून प्रवास करून त्याचं वर्णन लिहिलं. ते पुस्तक निघालं १८७५ मध्ये, वडील वारले त्याच वर्षी. कुठल्याही नोंदीत 'हिमालयाचा प्रवासी विल्सन, मृत्यू १८७५' असं आढळलं, तर तिथे बापाचं साल मुलाला लागलेलं आहे. अँड्र्यू १८८१ मध्ये इंग्लंडात वारला.