बंद बाथरूममधून गटाराचा वास: माझा अनुभव
डोंबिवलीच्या फ्लॅटमधलं आमचं दुसरं बाथरूम एरवी बंदच. दार उघडलं की गटाराचा भपकारा. फिनेल झालं, डांबरगोळ्या झाल्या; प्लंबर तर फरशी फोडायला निघाला. नुसता वैताग!

दोष होता नहाणी ट्रॅपचा, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्याचा. त्यात साचलेलं दोनेक इंच पाणीच वास अडवतं. वापर नसला की ते आटतं.

आधी जाळी काढली. आतली वाटी फिरवून उचलली. खाली केसांचा बोळा आणि साबणाचा पांढरट गाळ. तो काढून वाटी घासली, परत घट्ट बसवली. मग बादलीभर पाणी, आणि सगळ्यात शेवटी दोन चमचे गोडेतेल. तवंगामुळे पाणी सावकाश आटतं. (आई म्हणाली, मोहरीपण टाक!) वास त्याच दिवशी गेला. आता दर पंधरवड्याला तांब्याभर पाणी ओततो.