अकरावी-बारावीतच पदवीचा कोर्स: आधी काय जुळवून ठेवायचं

आपल्याकडे अकरावीत गेलं की ‘कॉलेज सुरू झालं’ म्हणतात, पण इथे विषय आहे तो पदवीच्या पातळीच्या अभ्यासक्रमाचा. नागपुरात राहून तो करायची सर्वांत सरळ वाट म्हणजे केंद्र सरकारच्या स्वयम या ऑनलाइन शिक्षण पोर्टलवरचे एनपीटीईएलचे (आयआयटींचा ऑनलाइन कोर्सचा उपक्रम) कोर्स. शिकवणारे बहुतेक आयआयटीचे प्राध्यापक, प्रवेश फुकट, आणि बारावी पास असण्याची अट नाही.

सर्वांत आधी कॅलेंडर काढा. सत्रं दोन: जानेवारी ते एप्रिल आणि जुलै ते ऑक्टोबर. बारावीतलं जानेवारीचं सत्र विचारातच घेऊ नका; प्रात्यक्षिकं, बोर्डाची लेखी परीक्षा आणि जेईई मेन त्याच महिन्यांत येतात. अकरावीचं जुलै सत्र सर्वांत सोयीचं. अकरावी प्रवेशाच्या ऑनलाइन फेऱ्या लांबतात तेव्हा मुलं नुसती यादीची वाट बघत बसतात. स्वयमच्या नोंदणीचा त्या प्रवेशाशी काही संबंध नाही, त्यामुळे तेवढ्या दिवसांत पहिले दोन आठवडे सहज पुढे काढता येतात.

कोर्स 4, 8 किंवा 12 आठवड्यांचे असतात. पहिलाच असेल तर 8 आठवड्यांचा घ्या. नावावर भाळून निवडू नका. आधीच्या सत्रांची व्याख्यानं मोफत बघायला मिळतात. त्यातला तिसरा आठवडा उघडून बघा. पहिला आठवडा सगळ्यांनाच सोपा वाटतो. तिसऱ्यात इंटिग्रेशन किंवा मॅट्रिक्स गृहीत धरलेलं दिसलं आणि ते तुमचं झालेलं नसेल, तर तो विषय पुढच्या वर्षासाठी ठेवा. प्रोग्रॅमिंगचे सुरुवातीचे कोर्स अकरावीत जमतात, कारण त्यांना दहावीच्या गणितापलीकडे फारसं लागत नाही.

वेळेचा हिशेब आठवड्याला सहा तास धरा: व्याख्यानं साधारण अडीच तासांची, बाकीचा वेळ थांबून वही लिहायला, उदाहरणं सोडवायला आणि असाइनमेंटला. ट्यूशनच्या वेळापत्रकात हे सहा तास बसत नसतील तर नोंदणी करू नका, खरंच. असाइनमेंटची मुदत बहुतेकदा बुधवारी रात्री 11:59 ला संपते. तुम्ही ती रविवारीच भरून टाका. पावसाळ्यात बुधवारी रात्री लाइट गेली की मुदत काही वाढत नाही.

मार्कांचं गणित नीट समजून घ्या, कारण फसगत इथे होते. असाइनमेंटला 25 आणि केंद्रावर होणाऱ्या परीक्षेला 75. 8 आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम 6 असाइनमेंटची सरासरी धरतात, 12 आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम 8 ची. प्रमाणपत्रासाठी 25 पैकी किमान 10 आणि 75 पैकी किमान 30, दोन्ही वेगवेगळे लागतात. म्हणजे परीक्षेत 60 आणि असाइनमेंटमध्ये 8 मिळाले, तर बेरीज 68 होऊनही प्रमाणपत्र नाही. सुरुवातीच्या असाइनमेंट ‘नंतर बघू’ म्हणून सोडणाऱ्यांचं नेमकं हेच होतं.

कोर्सला नाव नोंदवणं आणि परीक्षेचा फॉर्म भरणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं राहिलं तर सगळं शिकूनही हाती कागद येत नाही. फॉर्म ज्या ईमेलनं कोर्स घेतला त्याच ईमेलनं भरायचा, म्हणून खातं स्वतःचं उघडा, बाबांचं किंवा शाळेचं नको. नावाकडेही लक्ष द्या: बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी. आधार, अपार आयडी (विद्यार्थ्याचा शैक्षणिक ओळख क्रमांक) आणि फॉर्म यांत एकच रूप ठेवा. फॉर्ममध्ये लिहाल तेच प्रमाणपत्रावर छापलं जातं.

क्रेडिटबद्दल, म्हणजे पदवीत कोर्सचं जे वजन मोजतात त्याबद्दल, घाई नको. 12 आठवड्यांच्या कोर्सला 3 क्रेडिट धरतात, पण प्रवेशाआधी केलेला कोर्स पदवीत मोजायचा की नाही हे ते कॉलेज आणि विद्यापीठ ठरवतं. पुढे जिथे जायचं आहे तिथे आत्ताच लेखी विचारून ठेवा.

याहून मोठी उडी घ्यायची असेल तर आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन डेटा सायन्स बीएसची पात्रता परीक्षा बारावीत असतानाच देता येते: चार आठवडे अभ्यास, मग केंद्रावर पेपर. पास झालात तरी पदवीचा प्रवेश बारावीनंतरच. दहावीत गणित आणि इंग्रजी असावं लागतं.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात हॉल तिकिटाच्या दोन प्रिंट काढा आणि मूळ फोटो ओळखपत्र बाजूला ठेवा. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालेल असं समजू नका. केंद्र शहराबाहेरच्या इंजिनीअरिंग कॉलेजातही येऊ शकतं. हिंगणा रोडला असेल तर मेट्रो लोकमान्य नगरपर्यंतच जाते, पुढचा ऑटो आदल्या दिवशी ठरवा. एप्रिलमधला दुपारचा पेपर असेल तर पारदर्शक बाटलीत पाणी आणि डोक्याला दुपट्टा, आणि गेटवर तासभर आधी.