हाडं ठिसूळ झाल्यावर बायका करतात त्या चुका (मी सगळ्या केल्यात)

रथसप्तमीला आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गच्चीवर १०८ सूर्यनमस्कार असतात. चार वर्षांपूर्वी मी पण गेले. नुकताच हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनचा रिपोर्ट आला होता, टी-स्कोअर (घनतेचा आकडा) उणे २.७ (उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार), डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, ऊन घ्या, मग म्हटलं दोन्ही एकदमच होतंय की. चाळिसाव्या नमस्काराला पाठीत कट्कन झालं. एक्स-रेमध्ये कळलं मणका दबलाय. आणि ऊन म्हणाल तर सकाळी साडेसातच्या उन्हात व्हिटॅमिन डी जवळपास शून्य, म्हणजे तेही हाती लागलं नाही.

तर सगळ्यात मोठी चूक, पाठ गोल करून पुढे वाकणं. मणका ठिसूळ झाला की पुढे वाकल्यावर सगळा भार त्याच्या पुढच्या कडेवर येतो आणि ती कडा पिचते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा १९८४ चा एक जुना अभ्यास आहे, ५९ बायकांचा. ज्यांना पुढे वाकायचे व्यायाम दिले त्यांच्यात ८९ टक्के जणींचे मणके नव्याने दबले, ज्यांना पाठ मागे ताणायचे दिले त्यांच्यात १६ टक्के. अभ्यास छोटा आहे, पण मी ते आकडे वाचले तेव्हा गच्चीच आठवली. म्हणून पश्चिमोत्तानासन, हलासन, सिट-अप्स, पायाचे अंगठे धरणं, कमरेतून झटका देऊन वळणं हे बंद. योग सोडू नका, फक्त क्लासच्या ताईंना पहिल्या दिवशीच रिपोर्ट दाखवा, भिंत, खुर्ची घेऊन करता येतं पुष्कळ.

आणि हे फक्त व्यायामाचं नाही हो. पाण्याची बादली, दळणाचा डबा, पलंगाखालची बॅग, नातवाला उचलणं, सगळं तेच. गुडघे वाकवा, खुब्यातून झुका, पाठ फळीसारखी सरळ, वस्तू पोटाशी धरून उठा. मला सवय लागायला सहा महिने गेले, केर काढायला लांब दांड्याचा झाडू आणला तेव्हा कुठे जमलं.

दुसरी चूक, "मी रोज सारसबागेला चार फेऱ्या मारते, मला काय गरज". चालणं चांगलंच आहे पण एकट्या चालण्यावर हाडं फारशी भरत नाहीत, रोज तेवढाच भार आला की हाडाला नवीन काही कळत नाही. पोहणं आणि सायकल तर हृदयाला छान, हाडाला मात्र वजन लागतं. ऑस्ट्रेलियात बायकांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, नीट जड वजनं उचलायला लावली, आठ महिन्यांत कमरेच्या मणक्याची घनता जवळपास ३ टक्के वाढली. पण शेजारी शिकवणारा उभा होता बरं का, यूट्यूब बघून नव्हे. मी फिजिओथेरपिस्टकडे रिकाम्या हाताने खुर्चीतून उठ-बस करण्यापासून सुरुवात केली, मग हातात पाण्याच्या बाटल्या, आता पाच-पाच किलोचे डंबेल. वर ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, चहा उकळेपर्यंत. पर्वतीच्या १०३ पायऱ्या पण चढते, उतरताना कठडा सोडत नाही.

आता गोळ्या. माझ्याकडे डबा भरलेला होता, घेत मात्र होते सगळं उलटं. सकाळी सहाला थायरॉइडची गोळी, अर्ध्या तासाने चहाबरोबर कॅल्शियम. टीएसएच (थायरॉइडची गोळी कमी पडली की रक्तात वाढतं ते) वाढतच चाललं, डॉक्टर डोस वाढवत गेले, कॅल्शियम कधी घेता हे वर्षभर कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. कॅल्शियम थायरॉइडची गोळी अंगी लागू देत नाही, दोघांत चार तास हवेत. लोहाच्या गोळीशी पण हेच भांडण, तीही वेगळ्या वेळी.

कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं, त्याला पोटातलं आम्ल लागतं. रोज अॅसिडिटीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना त्याऐवजी कॅल्शियम सायट्रेट चालेल का विचारा. पाकिटावर १२५० मिलिग्रॅम कार्बोनेट लिहिलं असेल तर त्यात खरं कॅल्शियम ५००. एका वेळी तेवढंच नीट पचतं, दोन गोळ्या एकदम घेऊन उपयोग नाही. आणि आधी ताट मोजा. पन्नाशीनंतर दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम लागतं, एक पेला दुधात साधारण २४०, शिवाय दही, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी. उरलेलं तेवढंच गोळीतून, जास्त घेतलं तर मुतखड्याला आमंत्रण.

व्हिटॅमिन डी ची ६०,००० वाली गोळी आठवड्यातून एकदा असते, रोज नाही! आमच्या समोरच्या वहिनींनी चिठ्ठी नीट न बघता महिनाभर रोज घेतली. भूक गेली, मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, बोलताना गोंधळायला लागल्या, घरच्यांना वाटलं वय झालं. रक्तातलं कॅल्शियम वाढलं होतं, अॅडमिट करावं लागलं. मी माझी रविवारी घेते आणि कालनिर्णयवर त्या तारखेला गोल करते. आठ आठवडे झाले की पुढे काय ते डॉक्टरांना विचारायचं, स्वतःच्या मनाने चालू ठेवायचं नाही.

उन्हाचं बोलायचं तर पुण्यात आपण स्कूटीवर स्कार्फ, गॉगल, सनकोट, हातमोजे घालून फिरतो आणि मग डी कमी का म्हणून विचारतो. साधारण ११ ते २ चं ऊन हवं, वैशाखात दहाचंही चालेल, हात-पाय उघडे, वीसेक मिनिटं. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा यात काही उपयोग नाही.

अजून एक, गोळ्या कॅल्शियमच्या चालू आहेत म्हणजे उपचार चालू आहेत असं समजणं. ऑस्टिओपोरोसिस झाला की बहुतेकींना हाडाचं वेगळं औषध लागतं. त्यातली आठवड्याची अॅलेंड्रोनेट असेल तर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मी चहाबरोबर घेऊन पेपर वाचत लोळले होते, अन्ननलिकेत अशी जळजळ की काय सांगू. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन असेल तर तारीख चुकवू नका, मध्येच सोडलं तर घनता झपाट्याने उतरते आणि मणके एकामागून एक दबू शकतात.

घरातलं पायपुसणं मात्र आजच उचला, बाथरूममध्ये धरायला दांडी लावा, रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा ठेवा. खुबा मोडायला एकदा घसरून पडणंही पुरतं.

आणि दरवर्षी उंची मोजा. तरुणपणापेक्षा चार सेंटीमीटर, किंवा मागच्या मोजणीपेक्षा दोन सेंटीमीटर कमी भरली तर मणक्याचा एक्स-रे काढून घ्या, दुखत नसलं तरी. स्वयंपाकघराच्या चौकटीवर नातवाच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, तिथेच दर दिवाळीला माझी पण होते. तोच पट्टी धरतो, आणि आजी टाचा उचलू नकोस म्हणून ओरडतो.